अंगणातला सिनेमा: आधी घरी एक शो करा, मग धंद्याचा विचार



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अंगणात किंवा गच्चीवर सिनेमा दाखवायची मांडणी बघितली. व्हिडिओत मापं आणि आकडे पटापट जातात, वहीत उतरवायला वेळ मिळत नाही. म्हणून सगळं इथे सविस्तर लिहून देते आहे. शेवटी गृहपाठ आहे, तो वगळू नका.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. ज्यांना फक्त आपल्या घरच्यांसाठी एक छान संध्याकाळ घालवायची आहे, त्यांना पहिला अर्धा भाग पुरेसा आहे. ज्यांच्या डोक्यात "हेच भाड्याने देऊन चार पैसे मिळतील का?" असं चाललंय, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. सामान विकत घ्यायच्या आधी वाचा, हे महत्त्वाचं.

कल्पना नवी नाही, आणि तेच चांगलं आहे

आपल्याकडे उघड्यावरचा सिनेमा कुणाला शिकवावा लागत नाही. जत्रेतली टुरिंग टॉकीज आठवणारे आजी-आजोबा अजून घराघरांत आहेत. ट्रकमधून तंबू, प्रोजेक्टर आणि रिळं यायची आणि जिथे जत्रेची गर्दी तिथेच सिनेमा उभा राहायचा. त्यांनी गिऱ्हाईक थिएटरपर्यंत येण्याची वाट बघितली नाही, थिएटरच गिऱ्हाइकाकडे नेलं. आज तुम्ही एखाद्याच्या अंगणात पडदा लावता तेव्हा करता तेच, फक्त ट्रकच्या जागी स्कूटर किंवा छोटा टेम्पो असतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. गाडीत बसून सिनेमा बघायचं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर न्यू जर्सी राज्यात कॅम्डेनजवळ ६ जून १९३३ रोजी सुरू झालं. ते काढणाऱ्या रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी थेट जमीन घेऊन थिएटर बांधलं नाही. आधी स्वतःच्या घरी प्रयोग केले. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला, पडद्यामागे रेडिओ ठेवून आवाज कसा येतो ते तपासलं. पाऊस आला तर काय, हे बघायला बागेला पाणी घालायचे फवारे गाडीवर सोडले. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर मागच्याला पडदा दिसेल का, हेही घरच्याच आवारात मोजून बघितलं.

आपला आजचा धडा हाच आहे. घरचं अंगण म्हणजे तुमची फुकटातली प्रयोगशाळा.

पायरी १: पडद्याचं माप आधी, प्रोजेक्टर नंतर

बरेच जण आधी प्रोजेक्टर घेतात आणि मग जागा शोधतात. उलटं करा. अंगण मोजा, पडदा ठरवा, मग त्याला पुरेल असा प्रोजेक्टर बघा. आजचे बहुतेक व्हिडिओ १६:९ या प्रमाणात असतात. त्या हिशेबाने पडद्याची मापं अशी:

- १०० इंची पडदा: रुंदी सुमारे ७.३ फूट, उंची ४.१ फूट
- १२० इंची पडदा: रुंदी सुमारे ८.७ फूट, उंची ४.९ फूट
- १५० इंची पडदा: रुंदी सुमारे १०.९ फूट, उंची ६.१ फूट

इंचाचा आकडा हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो, रुंदीचा नाही. कापड आणायला जाताना ही गल्लत होऊ देऊ नका.

आता अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. तो पडद्याच्या रुंदीने गुणला की प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा ते कळतं. थ्रो रेशो १.५ असेल आणि पडदा ८.७ फूट रुंद असेल, तर १.५ × ८.७ म्हणजे साधारण १३ फूट. तुमची गच्ची एका बाजूने ११ फूटच असेल तर हा पडदा तिथे पूर्ण भरणार नाही. हे सामान घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

घराची भिंत सपाट आणि पांढरी असेल तर पहिल्या शोला पडदासुद्धा लागत नाही. भिंत वाऱ्याने हलत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

पायरी २: उजेडाचं गणित

प्रोजेक्टरचा उजेड लुमेनमध्ये मोजतात. ऑनलाइन जाहिरातीत स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर हजारो लुमेन लिहिलेले दिसतात. तिथे 'एएनएसआय लुमेन' असा शब्द आहे का ते शोधा. तो ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा असतो. नुसतं 'लुमेन' लिहिलं असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा. तसंच 'फोर-के सपोर्ट' याचा अर्थ चित्र फोर-के दिसेल असा होत नाही. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती, ते बघा.

दुसरी गोष्ट, पडदा दोन्ही बाजूंनी दुप्पट केला की तोच उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणजे चित्र चौपट मंद होतं. मोठ्या पडद्याचा मोह आवरा. कमी उजेडाच्या प्रोजेक्टरवर ८० ते १०० इंचांचं स्वच्छ चित्र हे १५० इंचांच्या फिकट चित्रापेक्षा कधीही चांगलं.

आणि अंधार झाल्याशिवाय काहीच दिसत नाही. मुंबई-पुण्याकडे मे महिन्यात सूर्य साधारण सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. विदर्भात त्याहून थोडा लवकर. मावळल्यावर अर्धा-पाऊण तास धरा. म्हणजे मे महिन्यात पावणेआठच्या आधी शो सुरू होत नाही.

पायरी ३: आवाज, आणि रात्री दहाची रेघ

चित्र थोडं मंद असलं तर माणसं चालवून घेतात, पण संवाद ऐकू आला नाही की दहा मिनिटांत पोरं उठून पळतात. स्पीकर पडद्याजवळ ठेवा, म्हणजे आवाज पडद्यातून आल्यासारखा वाटतो. ब्लूटूथने जोडला तर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. म्हणून साधी ऑक्स केबल सोबत ठेवाच.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागातली आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आता हिशेब करा. मे महिन्यात पावणेआठला सुरुवात, दहाला बंद. मध्ये पंधरा मिनिटं मध्यंतर. उरले दोन तास. म्हणजे उन्हाळ्यात दोन तासांच्या आतलाच सिनेमा निवडायचा. अडीच तासांचा निवडलात तर शेवट बघायच्या वेळी शेजारचे काका दारात उभे राहतील आणि बरोबर तेच असतील.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यांच्या मुलांना बोलवा. तक्रारीचं मूळच जातं.

पायरी ४: वीज, वारा आणि वायर

माझं इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान आहे, त्यामुळे या भागावर मी जरा जास्त बोलणार.

प्रोजेक्टर ३०० वॉट, स्पीकर १०० वॉट, लॅपटॉप ६५ वॉट असं धरलं तर सगळं मिळून पाचशेच्या आत. २३० व्होल्टला हे सुमारे दोन ॲम्पिअर होतात. घरातला साधा ६ ॲम्पिअरचा पॉइंट आरामात पुरतो. पण त्याच बोर्डवर कुणी १५०० वॉटची पॉपकॉर्नची मशीन किंवा किटली लावली की तिचे एकटीचेच साडेसहा ॲम्पिअर होतात. वायर तापते किंवा ऐन क्लायमॅक्सला एमसीबी पडतो. खाण्याच्या मशीनला वेगळा १६ ॲम्पिअरचा पॉइंट द्या.

- एक्स्टेंशन बोर्ड आयएसआय मार्कचा, तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेलाच घ्या. वायर तांब्याची, १.५ स्क्वेअर एमएम.
- ज्या लाइनवरून वीज घेता तिथे आरसीसीबी आहे का बघा. अंगणात ओली माती आणि अनवाणी पोरं असतात, इथे तडजोड नको.
- बोर्ड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा. वायर चालण्याच्या वाटेवरून नेऊ नका. न्यावीच लागली तर पायपुसणं टाका आणि कडा चिकटपट्टीने बसवा.
- दिवा असलेल्या जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरला बंद झाल्यावर पंख्याने थंड व्हायला वेळ लागतो. अचानक वीज जाणं त्याला मानवत नाही. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवर जोडा.

वाऱ्याचं काय? ताणलेला पडदा म्हणजे जहाजाचं शीड. पाइपची चौकट नुसती उभी करून चालत नाही. दोन्ही बाजूंनी पुढे-मागे तिरक्या दोऱ्या ओढा आणि पायाशी पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन बांधा, प्रत्येकी २० किलो वजन फुकटात मिळतं. वारा वाढला तर पडदा खाली उतरवा. शो थांबला तर चालेल, चौकट कुणाच्या डोक्यावर पडून चालणार नाही.

पडद्याची खालची कड जमिनीपासून तीनेक फूट वर ठेवा. पुढे सतरंजी, मागे खुर्च्या. हिवाळ्यात रात्री दव पडतं, प्रोजेक्टर उघड्या आभाळाखाली ठेवू नका, वर छत्री किंवा ताडपत्री हवी. तिचं कापड पंख्याच्या जाळीवर येणार नाही एवढं बघा.

अजून एक. फोनवरचं ओटीटी ॲप प्रोजेक्टरवर मिरर करायला गेलात तर बऱ्याचदा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. कॉपी रोखण्यासाठी तशी सोयच केलेली असते. पाहुणे यायच्या आधी, दुपारीच, त्याच केबलने आणि त्याच ॲपवर पाच मिनिटं चालवून बघा.

आता धंद्याकडे: आधी कायदा

घरच्या माणसांनी घरात बसून सिनेमा बघणं आणि लोकांना बोलावून सिनेमा दाखवणं यात कायद्याने फरक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. सिनेमा लोकांना दाखवायचा हक्क त्याच्या मालकाकडे असतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवांच्या अटींमध्ये वैयक्तिक आणि बिगर-व्यावसायिक वापर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही महिन्याचे पैसे भरता म्हणून सोसायटीच्या दीडशे लोकांना दाखवायचा हक्क मिळत नाही. तिकीट लावून सार्वजनिक शो करायचा तर हक्कमालकाची लेखी परवानगी लागतेच, शिवाय सिनेमा सेन्सॉरने प्रमाणित केलेला हवा आणि राज्याच्या सिनेमा नियमन कायद्याखाली परवाना लागतो.

मग नवख्याने काय करायचं? माझा सल्ला साधा आहे. तुम्ही सिनेमा विकू नका. तुम्ही मांडणी विका. पडदा, प्रोजेक्टर, आवाज, सतरंज्या आणि तीन तास हजर असलेला माणूस, ही तुमची सेवा. गिऱ्हाईक खाजगी कुटुंब असू द्या आणि काय बघायचं ते त्यांनी त्यांच्या खात्यावरून ठरवू द्या. पेनड्राइव्हवर उतरवलेला सिनेमा 'आमच्याकडून फ्री' असं जाहिरातीत कधीही लिहू नका. सोसायटी, शाळा किंवा मंडळाचं काम आलं तर परवानगी कोण घेणार हे कामाच्या पावतीवरच लिहून घ्या, आणि परवानगीचा कागद बघितल्याशिवाय पडदा लावू नका.

एक गोष्ट मला यात फार आवडते. आजोबांच्या पंचाहत्तरीला त्यांचे जुने फोटो, लग्नाचा व्हिडिओ, नातवंडांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिप्स एकत्र करून मोठ्या पडद्यावर दाखवा. घरचा माणूस बारा फुटांचा दिसला की डोळे पुसणारे निघतातच. घरच्यांनी घेतलेल्या चित्रणाला कुणा स्टुडिओची परवानगी लागत नाही, आणि या कामाचे पैसे लोक आनंदाने देतात.

विकत घ्यायचं का? इथे पेन-वही घ्या

आमच्या प्रशिक्षणाच्या बॅचमध्ये एका ताईंनी हाच प्रश्न विचारला होता. भिशीचा नंबर लागला होता, हातात ५० हजार होते. जूनमध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. "मॅडम, मार्च चालू आहे. प्रोजेक्टर घेते, मेपर्यंत पैसे वसूल होतील, जूनला फी भरीन. होईल ना?"

आम्ही दोघींनी फळ्यावर हिशेब मांडला. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

सामान: प्रोजेक्टर ३२,०००, स्पीकर ८,०००, पडदा व चौकट ५,०००, वायर-बोर्ड ३,०००, सतरंज्या व बॅगा २,०००. एकूण ५०,००० रुपये.

एका शोचं भाडं: ३,५०० रुपये.
एका शोचा खर्च: वाहतूक ४००, मदतनीस ५००, जाहिरात २००, किरकोळ १००. एकूण १,२००.
स्वतःची मजुरी: ७००. ही धरायचीच. दुपारी चारला निघून रात्री अकराला घरी येणारं माणूस फुकट नसतं.
हातात उरले: ३,५०० वजा १,९००, म्हणजे १,६०० रुपये.

५०,००० भागिले १,६०० म्हणजे ३१.२५. सामानाचे पैसे सुटायला ३२ शो लागतात.

आता वर्षात शो किती होतील? जून ते सप्टेंबर पावसाळा, धंदा बंद. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत शनिवार मिळतात साधारण ३४. परीक्षा, लग्नसराई, कडाक्याची थंडी वगळून निम्मे भरले तरी नवख्यासाठी चांगलं. म्हणजे १७ शो. १७ × १,६०० = २७,२०० रुपये. पैसे वसूल व्हायला जवळजवळ दोन हंगाम.

मार्च ते मे या तीन महिन्यांत तेरा शनिवार. सगळेच्या सगळे भरले, तरी १३ × १,६०० = २०,८००. आपली मजुरी न धरता मोजलं तरी २९,९००. फी भरायच्या दिवशी ५० हजार हातात येणं या गणितात बसतच नव्हतं. ताई फळ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे धंदा वाईट नाही, पैसे चुकीचे आहेत." मी त्या दिवशी शिकवलेल्यापेक्षा हे वाक्य मोठं होतं. ज्या पैशाला तारीख ठरलेली आहे, तो पैसा नव्या धंद्यात घालायचा नाही.

"मग कर्ज काढू का?" तेही बघू. ५० हजार, २४ महिने, १४ टक्के व्याज. हप्ता साधारण २,४०० रुपये. वर्षाचे २८,८००. आणि १७ शोंची कमाई किती होती? २७,२००. हप्ताच कमाईपेक्षा मोठा. वर पावसाळ्याचे चार महिने, ९,६०० रुपये, एकही शो नसताना भरायचे. बँकेच्या हप्त्याला पावसाळ्याची सुट्टी नसते.

मग मार्ग काय? आधी भाड्याने

जवळच्या शहरात प्रोजेक्टर आणि स्पीकर भाड्याने मिळतात. मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे चौकशी करा. समजा सगळ्याचे मिळून १,५०० पडले. मग ३,५०० वजा १,२०० वजा १,५०० म्हणजे ८०० रुपये. त्यात तुमची मजुरी ७००, वर नफा शंभर. तुम्ही म्हणाल, मॅडम, शंभर रुपयांसाठी एवढं? हो. कारण त्या शंभराबरोबर तुम्हाला कळतं की तुमच्या गावात हे कुणाला हवंय, कोण किती देतंय आणि कोण नुसतं "किती गोड कल्पना" म्हणून फोन ठेवतंय. हे सगळं एक रुपया न अडकवता.

ताईंनी फीचे पैसे बाजूला ठेवले आणि भाड्याच्या सामानावर एप्रिल-मेमध्ये पाच शो केले. पुढचा निर्णय त्या दिवाळीनंतर घेणार आहेत. मला हा वेग पसंत आहे.

माझा नियम असा: सहा शो भाड्याच्या सामानावर करा. त्यांतले निदान चार शो नातेवाईक किंवा मित्र नसलेल्या, आगाऊ रक्कम देणाऱ्या गिऱ्हाइकांचे असतील, तरच विकत घ्यायचा विचार करा. आत्याने दिलेलं काम हे प्रेम असतं, मागणी नसते.

पुढे वाढवायचं असेल तर होमस्टे आणि कृषी पर्यटन केंद्रांशी बोला. त्यांच्याकडे अंगण आहे, अंधार आहे आणि संध्याकाळी काय करायचं हे न कळणारे पाहुणे आहेत. मात्र तिथे सिनेमा दाखवणं घरगुती राहत नाही, परवानगीचा मुद्दा पुन्हा वाचा. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. अंगण किंवा गच्ची टेपने मोजा. वरच्या मापांतला कोणता पडदा बसतो ते लिहा.
२. भाड्याच्या प्रोजेक्टरचे तीन ठिकाणचे भाव विचारा. फोनवर नको, जाऊन विचारा.
३. येत्या पंधरवड्यात घरच्यांसाठी एक शो करा. मांडायला किती मिनिटं लागली, आवरायला किती लागली, काय विसरलं, ते त्याच रात्री लिहा.
४. वरचा हिशेब स्वतःच्या गावच्या भावाने पुन्हा मांडा. तुमचे किती शो येतात?

शेवटचा आकडा ज्याचा त्याने काढायचा. माझा ३२ आला म्हणून तुमचा ३२ धरू नका. तो आकडा आणि तुमच्या हातातल्या पैशाची तारीख, या दोन गोष्टी एका कागदावर शेजारी लिहा. त्या एकमेकींना पटत असतील तर पुढे जा.

पुढच्या भागात आगाऊ रक्कम कशी मागायची आणि पावतीवर काय काय लिहायचं, ते बघू. तोवर वही पूर्ण करा!